खिडकीखालचा मोतद्दार

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी मुळात किल्ल्याची. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला, पण काम पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हल्ला करून किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ठाण्यासह साष्टी बेट त्यांच्याकडेच राहिले. एवढी वैरे पाहिलेल्या या जागी इंग्रजांची सर्वांत मोठी फजिती केली ती एका मोतद्दाराने.

जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांशी हिशेबाची बोलणी करायला आले होते, त्यामुळे हा घाव इंग्रजांना स्वतःवरचाच वाटला. संशय आला दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन त्यांना ताब्यात मागू लागला. बाजीरावाने चालढकल केली, त्रिंबकजींना वसंतगडावर ठेवून पाहिले, पण अखेर सप्टेंबरात हवाली केले. रवानगी ठाण्याला.

पहाऱ्यावर इंग्रजांनी सगळे गोरे शिपाई नेमले. देशी शिपाई फितेल, ही धास्ती. बंदोबस्त चोख होता, आणि त्या चोखपणातच खोट होती.

किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याच्या पदरी मराठा मोतद्दार होता. धन्याचा घोडा फिरवताना तो त्रिंबकजींच्या खिडकीखालून येरझारा घाली आणि सहज गुणगुणल्यासारखा गाई. बाहेरचा निरोप त्या गाण्यात असे. शिपायांच्या कानावर शब्द न् शब्द पडत होता, पण मराठी कोणाला कळत होते! १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटले. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे, पण मोतद्दाराचे नाव दिलेले नाही. जिवावर उदार होऊन ज्याने हे केले, त्याचीच ओळख इतिहासातून गळावी, ही मोठी हळहळ.

इंग्रजीत वैरभावाला ‘हॉस्टिलिटी’ म्हणतात, त्याच्या मुळाशी लॅटिन ‘होस्टिस’, म्हणजे शत्रू. सिसेरोने मात्र लिहून ठेवले आहे की पूर्वजांच्या काळी हा शब्द परक्या माणसासाठी होता. पाहुण्याला म्हणायचा ‘होस्पेस’ही त्याच कुळातला. ठाण्याचे पहारेकरी दोन्ही अर्थांनी होस्टिस होते: शत्रूही, आणि ज्या गावावर राज्य करत होते तिथली बोली न कळणारे परकेही.

पुढचे वैर पेशव्यांना फार महागात पडले. त्रिंबकजी शंभू महादेवाच्या डोंगरात माणसे जमवू लागले. बाजीरावाची त्यांना फूस आहे, असे एल्फिन्स्टनने ठरवूनच टाकले. मे १८१७ मध्ये त्याने त्रिंबकजींना हजर करण्यासाठी महिन्याची मुदत दिली आणि सिंहगड, पुरंदर, रायगड तारण मागितले. १३ जूनला पुण्याचा तह झाला. त्यात पेशव्याला मराठेशाहीच्या नेतृत्वावरच पाणी सोडावे लागले. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई, आणि वर्षाच्या आत पेशवाई बुडाली.

त्रिंबकजी १८१८ मध्ये नाशिक भागात पुन्हा पकडले गेले. या वेळी इंग्रजांनी त्यांना गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात, मराठी मुलखापासून दूर ठेवले. १८२४ मध्ये बिशप हेबरने त्यांना तिथे पाहिले. मोतद्दाराच्या गाण्याचे इंग्रजी पद्यरूप हेबरच्या प्रवासवर्णनात आहे.