दौऱ्यावरची शिकवणी

१८८७ साली विम्बल्डनची महिला एकेरी जिंकली तेव्हा लॉटी डॉडचे वय होते १५ वर्षे २८५ दिवस. त्या स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी तिच्याहून लहान मुलगी आजवर झालेली नाही. लिव्हरपूलजवळच्या बेबिंग्टन गावात तिचे मोठे घर होते. वडिलांनी कापसाच्या व्यापारात इतके कमावले होते की चारही भावंडांना पोटासाठी कधी काही करावे लागले नाही. ही मुले खासगी शिक्षक आणि गव्हर्नेस यांच्याकडे घरीच शिकली, आणि घराच्या आवारातच टेनिसची मैदाने होती. सकाळी धडे, दुपारनंतर खेळ. खेळासाठी शाळा सोडावी की नाही, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नसणार, कारण सोडायला शाळाच नव्हती.

आज एखाद्या चौदा वर्षांच्या टेनिसपटूचे किंवा बुद्धिबळपटूचे आईवडील घरी येऊन किंवा व्हिडिओवरून शिकवणारा शिक्षक शोधू लागतात, तेव्हा आपण काहीतरी अगदी नवे करत आहोत असे त्यांना वाटते. नातेवाईकही तसेच बोलतात. इंटरनेट आले, म्हणून हे शक्य झाले, अशी सर्वांची समजूत असते. पण फिरत्या मुलाच्या शिकवणीला दीडशे वर्षांची वंशावळ आहे, आणि तिच्यात दोन घराणी आहेत. एक लॉटी डॉडचे: पैसेवाल्या बापाने घरात ठेवलेला शिक्षक. दुसरे घराणे नाटकाच्या विंगेत आणि सिनेमाच्या सेटवर जन्मले. तिथे शिक्षक कायद्याच्या जोरावर आला, कारण तिथले मूल कामावर होते. खेळाने पहिल्या घराण्याचा वारसा घेतला आणि दुसऱ्याचा टाकून दिला. त्याची किंमत मुले अजून मोजत आहेत, असे मला वाटते.

पहिल्या घराण्यात मोठा बदल झाला तो नॉर्वेत. सोन्या हेनी १९२४ च्या शामोनी येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगला उतरली ती अकरा वर्षांची असताना, आणि आठ जणींत आठवी आली. १९२७ मध्ये ती जगज्जेती झाली, १९२८ मध्ये सेंट मॉरिट्झला ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. तेव्हा ती पंधराची होती. तिचे वडील विल्हेल्म हे फरचे बडे व्यापारी. सराव गंभीरपणे सुरू झाला तशी त्यांनी मुलीची शाळा बंद केली, घरी शिक्षक नेमले आणि नृत्य शिकवायला थेट तामारा कार्साविनासारखी रशियन बॅलेरिना आणली. लॉटीकडे शिक्षक आधीपासून होते आणि खेळ मागून आला. सोन्याच्या बाबतीत खेळ आधी आला आणि त्याच्या वेळापत्रकात बसावा म्हणून शिक्षक ठेवला गेला. आजच्या अर्थाने खेळाडूची खासगी शिकवणी इथून सुरू झाली असे मी मानतो.

दरम्यान धडा शिक्षकापासून सुटा होऊन टपालाने फिरू लागला होता. इंग्लंडात अँबलसाइडहून शार्लट मेसन यांच्या संस्थेचे अभ्यासक्रम १८९१ पासून घरोघर जाऊ लागले. हिंदुस्थानातल्या इंग्रज कुटुंबांपर्यंतही ते पोचत. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट स्कूलने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुस्तके, वह्या आणि रोज काय शिकवायचे याची टिपणे असा पूर्ण संच पार्सलने पाठवायला सुरुवात केली. मिशनरी, वकिलातीतले अधिकारी, दूरच्या मळ्यांवर राहणारे लोक हे त्यांचे गिऱ्हाईक. खेळाडू त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते, पण पुढे खेळाडूंना लागणारी सोय या लोकांनी आधीच करून ठेवली.

आता दुसरे घराणे. इथे जरा थांबायला हवे.

इंग्लंडात १८८९ च्या बालसंरक्षण कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना रंगभूमीवर कामाला मनाई केली आणि सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी न्यायदंडाधिकाऱ्याचा परवाना सक्तीचा केला. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली दोन स्त्रियांनी प्रोफेशनल चिल्ड्रन्स स्कूल काढले. नाटकात कामे करणारी मुले शाळेविना वाढताहेत हे त्यांना बघवले नाही. तालमी आणि प्रयोग सांभाळून वर्ग भरत, आणि नाटक कंपनी दौऱ्यावर गेली की धडे टपालाने पाठवले जात. पुढे याच शाळेत स्केटिंग करणारी कॅरल हाइस शिकली. तिने १९६० मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. रंगभूमीच्या मुलांसाठी उघडलेल्या दारातून खेळाडू आत आले.

सर्वांत पक्की व्यवस्था झाली ती कॅलिफोर्नियात. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याच्या कमाईतले जवळजवळ काहीच उरले नव्हते. आई आणि सावत्र वडिलांनी ते खर्च केले होते. त्याने १९३८ मध्ये दावा लावला, आणि १९३९ मध्ये त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. तो लोकांना पैशामुळे आठवतो. मला त्या काळच्या सेटवरची शिक्षिका जास्त मोलाची वाटते. मेट्रो-गोल्डविन-मेयर स्टुडिओच्या आवारात मुलांसाठी छोटी शाळाच होती, जूडी गारलंड आणि मिकी रूनी तिथे शिकले. शाळेच्या दिवशी तीन तास अभ्यास झालाच पाहिजे असा दंडक होता. दोन शॉटच्या मध्ये मुलाला बोलावून शिकवायचे, पण वीस मिनिटांहून लहान तुकडा अभ्यासात धरायचा नाही. वीस मिनिटांची ही अट कुणीतरी मुलांना ओळखणाऱ्या माणसानेच घातली असणार. पाच मिनिटांत मूल वही उघडते तोवर हाक येते, हे त्याला ठाऊक होते. तिथल्या नियमांनुसार मुलाचे आरोग्य आणि सुरक्षितता यांची जबाबदारीही सेटवरच्या शिक्षकावर आहे, आणि मुलाला धोका दिसला तर तो काम थांबवू शकतो. दिग्दर्शक कितीही मोठा असो. पगार स्टुडिओच्या पैशातून आला, तरी अधिकार कायद्याने दिलेला.

टेनिसच्या दौऱ्यावर असे कुणी नव्हते. १९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या आणि बक्षिसांचा ओघ सुरू झाला. १९७८ मध्ये निक बोलेटिएरींनी फ्लोरिडात निवासी अकादमी काढली. मुले अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला दिवस कोर्टवर. मार्च १९९० मध्ये जेनिफर काप्रियाती पहिली व्यावसायिक स्पर्धा खेळली ती चौदा पूर्ण होण्याआधी, आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली. दौऱ्यावरून तिचा गृहपाठ शाळेला फॅक्सने जायचा. त्या वेळी याचे भारी कौतुक झाले होते. १९९३ अखेर, सतराव्या वर्षी, ती थकून दौऱ्याबाहेर पडली. ती परतली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, हे तिचे कर्तृत्व. महिला टेनिस संघटनेने १९९५ पासून वयाचा नियम कडक केला. कोणत्या वयात किती स्पर्धा खेळता येतील हे तो सांगतो. मोजणी स्पर्धांची आहे. दिवसातून अभ्यास किती, याची मोजणी पालकांवरच राहिली.

या वंशावळीतले सगळ्यांत धाडसी पान मात्र बुद्धिबळाचे आहे, आणि ते बुडापेस्टमधले आहे. लास्लो आणि क्लारा पोल्गार हे दोघेही पेशाने शिक्षक. प्रतिभा घडवता येते असा लास्लोंचा ठाम विश्वास होता. सुझन (१९६९), झोफिया (१९७४) आणि यूडिट (१९७६) या तिन्ही मुलींना त्यांनी घरी शिकवायचे ठरवले. कम्युनिस्ट हंगेरीत मूल शाळेत पाठवणार नाही असे म्हणणे म्हणजे सरकारशी वैर. झगडून परवानगी मिळाली. मुली परीक्षेपुरत्या शाळेत जात. घरात बुद्धिबळाबरोबर भाषा होत्या, एस्पेरान्तोसुद्धा, गणित होते. सुझनला तर काही वर्षे पश्चिमेकडच्या स्पर्धांना जायलाच मनाई होती. १९९१ मध्ये यूडिट १५ वर्षे ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली आणि बॉबी फिशरचा विक्रम मागे पडला. तिन्ही मुलींवर प्रयोग केला म्हणून लास्लोंवर खूप टीका झाली. ती पूर्ण चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट नजरेआड होते: या घरात शिकवणे हे खेळानंतर उरलेल्या वेळेत उरकायचे काम नव्हते. आईवडील स्वतः शिक्षक होते आणि दिवस त्यांनी आखलेला होता. बापाचा हट्ट उचलणारे पुष्कळ भेटतात, दिवसाची आखणी उचलणारे थोडे.

आपल्याकडे मुंबईच्या क्रिकेटने वेगळीच वाट काढली होती. सचिन तेंडुलकर बांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून दादरच्या शारदाश्रममध्ये आला तो आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड या आंतरशालेय स्पर्धाच वर चढण्याचा जिना होत्या. शाळेच्या नावावर खेळायचे, शहरातच खेळायचे. त्यामुळे फिरत्या शिक्षकाची गरज लवकर भासली नाही. टेनिस, नेमबाजी, बुद्धिबळ यांना असा जिना नाही. रँकिंगचे गुण मिळवायला बाहेरच पडावे लागते, आणि स्पर्धांची तारीख सहामाही बघून ठरत नाही. राज्याने क्रीडा प्रबोधिनी काढल्या, तिथे राहणे, सराव आणि शाळा एकत्र आले. नेमबाज स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये अशाच व्यवस्थेत दाखल झाला. बाकीच्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरला आणि दहावी बाहेरून दिली. हा फॉर्म मुळात शाळा सुटलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या लोकांसाठी. खेळाडू त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

खरी मोकळीक मिळाली मुक्त विद्यालयामुळे. केंद्रीय मंडळाने १९७९ मध्ये प्रकल्प म्हणून सुरू केलेली ही योजना १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली, आज ती एनआयओएस म्हणून ओळखली जाते. वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांची मुदत, आणि विषय एकेक करून सोडवायची सोय. फिरत्या खेळाडूच्या शिक्षकाचे सारे कसब आता या आखणीत असते. एप्रिलमध्ये दोन विषय, ऑक्टोबरमध्ये दोन, ज्या महिन्यात कॅम्प आहे त्यात फक्त भाषा, कारण त्या थकल्या डोक्यालाही वाचता येतात. गणित सकाळी सरावाआधी. विज्ञान घेतले तर प्रात्यक्षिकांसाठी केंद्रावर हजर राहावेच लागते, आणि तिथे भल्याभल्या वेळापत्रकांची गाडी अडते. काही मुले एवढ्यासाठी विज्ञान सोडतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण स्वतःच्या स्नायूंविषयी, आहाराविषयी शिकायची गरज सर्वांत जास्त त्यांनाच असते. बुद्धिबळपटू गुकेशने चौथीनंतर नियमित शाळा सोडली आणि २०२४ मध्ये अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. त्याचे उदाहरण आता प्रत्येक घरात दिले जाते. त्याच्या डॉक्टर वडिलांनी आपला व्यवसाय बाजूला ठेवून मुलाबरोबर वर्षानुवर्षे प्रवास केला, हे सांगताना मात्र बहुतेकांचा आवाज खाली येतो.

मंडळेही हळूहळू हलली. २०१८ मध्ये नेमबाज अनिश भनवालाची दहावीची परीक्षा आणि स्पर्धा एकमेकींवर आल्या. सीबीएसईने त्याचे राहिलेले पेपर नंतर घेतले, आणि पंधराव्या वर्षी त्याने गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले. त्यानंतर खेळाडूंसाठी वेगळ्या तारखांना परीक्षेची वाट मोकळी झाली.

बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीत एक ओळ आहे, तिच्याकडे क्रीडाक्षेत्राचे लक्ष गेलेले मला दिसत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला मनाई करताना कलाकार मुलांना सूट दिली आहे, आणि कलाकार कोण हे सांगताना नट, गायक यांच्याबरोबर खेळाडूही मोजला आहे. अट अशी की त्या कामाने मुलाच्या शालेय शिक्षणाला बाधा येता कामा नये. २०१७ च्या नियमांनी चित्रीकरणासाठी तपशील दिले: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, धडे बुडू नयेत याची व्यवस्था, आणि दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. हे नियम निर्मात्याला आणि व्यावसायिक कार्यक्रमाच्या आयोजकाला बांधतात. अकादमीतला रोजचा सहा तासांचा सराव त्यांच्या टप्प्यात येत नाही.

म्हणजे कायद्याने दोन्ही घराणी एका वाक्यात आणली आणि पुढच्या पानावर पुन्हा वेगळी केली. खेळाडूचा शिक्षक आजही विल्हेल्म हेनीने ठेवलेल्या शिक्षकाच्याच जागी उभा आहे. त्याला बापाने नेमले, फी बाप देतो, आणि आज सराव नको, आज ही मुलगी झोपू दे, असे म्हणायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. कनिष्ठ संघ परदेशी निघतो तेव्हा यादीत प्रशिक्षक असतो, व्यवस्थापक असतो, फिजिओ असतो. त्या यादीत शिक्षकाचे नाव घालावे, रोजचे अभ्यासाचे तास महासंघाने ठरवावेत, आणि वीस मिनिटांहून लहान तुकडा त्यात धरू नये.