शिवजयंती
शिवजयंती : मराठी राज्याचे संस्थापक छत्रपती शिवाजी महाराज (१६३०–८०) यांच्या जन्मदिनाचा उत्सव. सार्वजनिक स्वरूपात तो साजरा होऊ लागल्यास शतकाहून अधिक काळ लोटला आहे. महाराजांच्या जन्मतिथीविषयी दीर्घकाळ वाद झाला. तथापि महाराजांची कोणती प्रतिमा उत्सवात पूजिली जावी, हा वाद अधिक जुना व अधिक खोल आहे.

रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेकडे जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये लक्ष वेधले होते. लोकमान्य टिळकांनी केसरीतून हा विषय लावून धरला, १८९५ मध्ये जीर्णोद्धारासाठी निधी सुरू झाला आणि एप्रिल १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. जून १८९७ मध्ये पुण्यात राज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यातील व्याख्यानांत अफझलखानाच्या वधाच्या नैतिकतेची चर्चा झाली आणि तिचा वृत्तांत केसरीत आला. लगेच २२ जूनला रँडवर गोळी झाडण्यात आली. त्यानंतर चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारने उत्सवविषयक मजकुरावरच भर दिला व टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे सखाराम गणेश देऊस्कर यांच्या प्रयत्नांनी हा उत्सव बंगालमध्ये रुजला. १९०६ च्या कलकत्त्यातील उत्सवास टिळक स्वतः उपस्थित होते.

ही राष्ट्रीय प्रतिमा सर्वमान्य मात्र नव्हती. महात्मा फुले यांनी १८६९ मध्येच रचलेल्या पवाड्यात महाराजांना कुळवाडीभूषण, म्हणजे शेतकऱ्यांचे भूषण, म्हटले होते. त्यांना गोब्राह्मणप्रतिपालक मानणाऱ्या परंपरेला हे आव्हानच होते. वेदोक्त प्रकरणाचा अनुभव घेतलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी पुण्यातील स्मारकासाठी पुढाकार घेतला. त्याची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसविण्यात आली. युवराजांच्या त्या दौऱ्यावर काँग्रेसचा बहिष्कार होता. ज्या राजाच्या उत्सवाने एका नेत्यास तुरुंगात नेले, त्याच राजाच्या स्मारकास पाव शतकाच्या आत ब्रिटिश युवराजाचे हात लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात उत्सवाला जमातवादी तणावाचीही झळ लागली. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली व तिचे लोण जळगावपर्यंत पोहोचले. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगाने या दंगलींची तपशीलवार चौकशी केली. दौलतखानासारख्या मुसलमान अधिकाऱ्याकडे महाराजांच्या आरमारातील मोठी जबाबदारी होती, याचा अशा मिरवणुकांत क्वचितच उल्लेख होतो.

जन्मतिथीचा वाद साधनांचा आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ (एप्रिल १६२७) ही तिथी रूढ होती व आरंभीचे उत्सव तिच्याच सुमारास होत. भोरजवळील कारीच्या जेधे घराण्याकडून मिळालेली शकावली टिळकांनीच १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. उत्सवाच्या प्रवर्तकाने उत्सवाच्याच तिथीला बाधक ठरणारे साधन दडवून ठेवले नाही, हे नमूद केले पाहिजे. महाराजांच्या हयातीत रचल्या गेलेल्या परमानंदाच्या शिवभारताने आणि जोधपूर येथे सापडलेल्या जन्मकुंडलीनेही या नोंदीस दुजोरा दिला. तरीही राज्य शासनाने १९६६ मध्ये नेमलेल्या इतिहासज्ञांच्या समितीत एकमत झाले नाही. न. र. फाटक यांच्यासारखे अभ्यासक जुन्या तिथीच्या बाजूचे होते.

अखेर शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हा जन्मदिनांक मान्य केला. हा दिनांक तत्कालीन जुलियन गणनेचा आहे. ग्रेगोरियन गणनेने तो १ मार्च १६३० येतो आणि शकावलीतील शुक्रवार त्याच्याशी जुळतो. शासकीय उत्सव १९ फेब्रुवारीला होतो. तिथीचा आग्रह धरणारी मंडळे फाल्गुन वद्य तृतीयेस जयंती साजरी करतात, त्यामुळे काही ठिकाणी वर्षातून दोनदा मिरवणूक निघते.