भंगारातून वाचलेलं चाक

जायंट व्हील किती वर्षं फिरणार हे इंजिनिअर ठरवत नाही, भंगारवाला ठरवतो. हे मी उगीच बोलत नाही. लालबागच्या एका गिरणीत मी टर्नर होतो, आणि गिरणी बंद पडल्यावर साचाखात्यातले विलायती साचे, आमच्या खात्यातले लेथ किलोच्या भावाने तोलले जाताना मी पाहिलेत. लेथचा बेड किती सरळ आहे, स्पिंडल किती गुळगुळीत फिरतं, याला काट्यावर किंमत नसते. म्हणून मुलाकडे व्हिएन्नाला गेलो आणि सून म्हणाली, “बाबा, आधी शॉनब्रुनचा राजवाडा बघू,” तेव्हा मी म्हटलं, “राजवाडा कुठे पळत नाही. आधी प्राटरचं चाक.”

प्राटर ही मुळात बादशहाची शिकारीची जागा. 1766 साली दुसऱ्या योसेफने ती रयतेला खुली केली आणि तिथे हळूहळू खानावळी, खेळ, तमाशे जमले. चाक उभं राहिलं 1897 साली, फ्रान्झ योसेफ बादशहाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं होणार होती, त्या निमित्ताने. उंची 64.75 मीटर. सुनेने मान वर करून फोटो काढायला सुरुवात केली. मी आसाकडे बघत बसलो. हा आस जवळजवळ 11 मीटर लांब आणि 16 टनांहून जड. असला दागिना टर्न करायचा म्हणजे काय प्रकरण आहे, हे लेथवर उभं राहिलेल्याला विचारा.

त्याहून बघण्यासारख्या आहेत त्या तारा. चाकाला जाडजूड आरे नाहीतच. आसापासून कडेपर्यंत 120 पोलादी तारदोर ताणलेले आहेत. सगळी करामत सायकलच्या चाकाची. तार ओढ सहन करते, दाब नाही. दाबलीत तर वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच कडक ताणून ठेवायच्या, म्हणजे चाक फिरताना कुठलीही तार ढिली पडत नाही. शेजारी उभ्या पोराटोरांना तिथे काहीच दिसत नव्हतं, एवढ्या त्या बारीक. कड आणि लाल डबे मधे कशाच्याही आधाराशिवाय फिरताहेत असं वाटतं.

बांधणारा वॉल्टर बॅसेट हा इंग्रज, आधी आरमारात अधिकारी, मग मॉड्स्ली कारखान्याचा कारभारी. हे नाव टर्नरने कान पकडून घ्यावं. आटे पाडायचा लेथ ज्याने नीट वळणावर आणला त्या हेन्री मॉड्स्लीचाच हा कारखाना; पुढे तो जहाजांची इंजिनं करू लागला. बॅसेटच्या हाताखाली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा तरुण इंजिनिअर होता. चाकांची कामं झाल्यावर त्याने 1901 साली धूळ ओढणारं यंत्र काढलं, तोच आजचा व्हॅक्यूम क्लीनर.

या सगळ्याची सुरुवात मात्र अमेरिकेत. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याला उत्तर द्यायचं म्हणून 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने 80 मीटरचं चाक उभारलं. 36 डबे, एकेका डब्यात 60 माणसं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. प्रदर्शन संपलं आणि चाकाचा संसार उठला. फेरिस 1896 साली वयाच्या 37 व्या वर्षी विषमज्वराने गेला. चाक शहरातल्या दुसऱ्या जागी नेलं, मग सेंट लुईसला. आणि 1906 साली सुरुंग लावून पाडलं.

लंडनच्या चाकाचं मूळ तर आपल्याशीच जोडलेलं आहे. 1895 साली अर्ल्स कोर्टला ‘एम्पायर ऑफ इंडिया’ नावाचं प्रदर्शन भरलं. हिंदुस्थानचं वैभव गोऱ्या लोकांना दाखवायचं, आणि ते बघून दमल्यावर त्यांना 40 डब्यांच्या चाकात बसवून वर न्यायचं! ते चाक एकदा अडकलं आणि माणसं तासन्‌तास वर लटकून राहिली. कंपनीने त्यांना पाच-पाच पौंड भरपाई दिली, तर दुसऱ्या दिवशी आपणही अडकू या आशेने रांगा लागल्या. एवढी चलती असूनही 1907 पर्यंत ते मोडून झालं होतं. ब्लॅकपूलचं चाक 1928 साली गेलं. पॅरिसचं व्हिएन्नाहून मोठं होतं; पहिल्या महायुद्धानंतर त्याचे डबे उत्तर फ्रान्समध्ये घरदार गमावलेल्या कुटुंबांना राहायला दिले आणि 1920 साली लोखंडही उतरवलं.

मग व्हिएन्नाचं कसं वाचलं? ते सुरू झालं 3 जुलै 1897 ला. तारीख ऐकून मी चमकलो. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, 22 जूनला, चापेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या घातलेला रँड पुण्यात मेला तो दिवसही 3 जुलैच. इकडे एका साम्राज्याच्या अधिकाऱ्याचा शेवट, तिकडे दुसऱ्या साम्राज्याचा पाळणा. यात संबंध काही नाही, पण आपल्या माणसाच्या डोक्यात हे आल्यावाचून राहत नाही.

बॅसेटचा धंदा मात्र चालला नाही. तो 1907 साली गेला तेव्हा त्याच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. महायुद्ध पेटलं, चाक शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झालं, आणि 1916 साली ते पाडायची परवानगीही निघाली. पाडायला पैसे नव्हते म्हणून ते राहिलं. पाडायलाही खर्च येतो, हे आम्हा गिरणीवाल्यांना कोणी सांगायला नको.

1919 साली प्रागचा व्यापारी एडुआर्ड स्टायनर याने ते विकत घेतलं, तेही मोडून लोखंड विकण्यासाठीच. खरेदीदार म्हणून माझा त्याच्यावर आधीच राग बसला होता. पण त्याने मोडलं नाही; भाड्याने चालवायला दिलं. दया आली की भाड्यात जास्त पैसा दिसला, मला ठाऊक नाही आणि मला फरकही पडत नाही. स्टायनर ज्यू होता. 1938 साली ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला, चाक त्याच्याकडून हिसकावून घेतलं गेलं आणि 1944 साली आउशवित्झला त्याला मारलं.

युद्धाच्या शेवटी प्राटर जळालं, त्यात चाकाचे डबेही गेले. सांगाडा उभा राहिला. 1947 साली ते पुन्हा फिरू लागलं, पण तापून निघालेल्या लोखंडावर पूर्वीचा भार टाकायची हिंमत कोणी केली नाही. 30 डब्यांच्या जागी 15 च लावले. कारागीर म्हणून मला हे फार आवडलं. सगळं पूर्ववत केल्याचा देखावा करण्यापेक्षा माल किती सोसेल ते बघून भार ठेवणं, हीच खरी दुरुस्ती. दोन वर्षांनी ‘द थर्ड मॅन’ सिनेमात ऑर्सन वेल्स याच डब्यात बसला आणि चाक जगाला माहीत झालं. माझ्या मुलाला ते चाक या सिनेमामुळेच ठाऊक होतं.

वर गेल्यावर सेंट स्टीफन चर्चचं शिखर दिसतं, दुसऱ्या बाजूला डॅन्यूब. चाक सावकाश चालतं, डब्यात माणसं घ्यायला थांबतं, आणि त्या थांब्यात लाकडी डबा किंचित हलतो. सून कठड्याला घट्ट धरून होती. मी खिडकीतून कडेचे रिव्हेट बघत होतो.

मोडायचं ठरलेलं चाक टिकून राहणं, हे लंडन आयच्या बाबतीतही झालं. 135 मीटरचं ते चाक पाच वर्षांपुरतं म्हणून उभं राहिलं, 2000 साली लोकांना खुलं झालं आणि अजून फिरतंय, कारण लंडनला ते पाडणं परवडेनासं झालं. इथे सौंदर्य, इतिहास वगैरे कारणं नंतर सुचतात.

शहराच्या खुणा मोठ्या माणसांच्या दूरदृष्टीने टिकतात असं लोक म्हणतात. व्हिएन्नाच्या चाकापुरतं तरी ते खोटं आहे. ते टिकलं एका कंगाल युद्धकाळामुळे आणि भंगार घ्यायला आलेल्या एका व्यापाऱ्याने हात आखडता घेतल्यामुळे. तिथे जाल तेव्हा बॅसेटबरोबर त्या व्यापाऱ्याचंही नाव घ्या: एडुआर्ड स्टायनर, प्राग.