तळटीप १४ : 'पाय आधी मागे सरला'

१४. लेखक बत्तीस शिराळ्याचे, नागपंचमीच्या गावचे. तरीही गोठ्यातल्या कासऱ्याला पाहून ते दचकले, हे नवल नव्हे. डोळ्यांकडून आलेली खबर मेंदूच्या मागच्या भागात टप्प्याटप्प्याने उलगडते. तिथल्या काही पेशी ठरावीक दिशेने झुकलेल्या रेषेलाच प्रतिसाद देतात, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९५९ मध्ये मांजरावरील प्रयोगांतून दाखवले. रेषांतून आकार, आकारांतून वस्तू. लिन इझबेल यांच्या मते सापासाठी याहून आखूड वाटही असावी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील प्रयोगात, पूर्वी साप न पाहिलेल्या माकडांच्या मेंदूतील पल्विनार भागातल्या काही पेशी चेहऱ्यांपेक्षा सापांच्या चित्रांना लवकर आणि जोरात प्रतिसाद देताना आढळल्या. (वेदान्त्यांचा रज्जुसर्प इथे आठवावाच!)

चित्रे ओळखणारी संगणकाची अनेक प्रारूपे हीच पायऱ्यांची रचना उसनी घेतात. फुकुशिमा यांचे 'निओकॉग्निट्रॉन' १९८० चे. मात्र दचकणे या प्रारूपांकडे नाही, आणि ठरावीक यादीवरच शिकलेल्यांना यादीबाहेरचे ओळखता येत नाही. चित्रे ओळखण्याच्या २०१२ च्या गाजलेल्या इमेजनेट स्पर्धेतील हजार वर्गांत आपला नाग आहे, घोणस नाही. त्या यादीवर शिकलेल्या प्रारूपाला घोणशीचे चित्र दाखवले, तर ते हजारांतलेच कुठलेतरी नाव पुढे करते. शिराळ्यातले पोर निदान 'ही नागीण न्हवं' एवढे तरी सांगेल. — संपा.