पहाटेचा फोटो

मी बेल्ह्याहून बोलतेय.

सोमवारी आमच्याकडे बैलबाजार असतो, म्हणून गटाची बैठक आम्ही मंगळवारी ठेवतो. मागच्या बैठकीत वसुली बाजूलाच राहिली, कारण एकीने मोबाईल पुढे केला. बांधावर बसलेला बिबट्या, आणि खाली लिहिलेलं, 'बेल्हे शिवार, आज पहाटे'. मोबाईल हातोहात फिरला. ज्यांची पोरं शाळेत चालत जातात त्यांचे चेहरे उतरले. तेवढ्यात एक जण म्हणाली, "अगं, हाच फोटो माझ्या बहिणीला संगमनेरला आला होता, तिथल्या गावाच्या नावाने." मग आम्ही नीट पाहिलं. फोटोतल्या मागच्या डोंगराशी आमच्याकडचा एकही डोंगर जुळेना.

तेव्हाच ठरवलं की या वेळी बोलायचं ते फोटोवरच. जनावराचा फोटो काढायची सुरुवात कुणी केली, कशासाठी केली, आणि तो आपल्या उसापर्यंत कसा आला?

आपल्याकडे बिबट्याचं जुनं चित्र कागदावर नाही, दगडा-लाकडावर आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला आणि पलीकडे अकोल्याच्या डोंगरात, महादेव कोळ्यांच्या गावांच्या वेशीला वाघोबा असतो. दिवाळीच्या तोंडावर तिथे वाघबारस करतात. गुरं-वासरं सांभाळ, एवढंच मागणं. वाघ म्हणजे पट्ट्यांचाच असं नाही. माझ्या सासूबाई आजही बिबट्याला वाघच म्हणतात.

मग इंग्रजांच्या काळात बंदुका आल्या आणि मागोमाग कॅमेरेही. त्या काळातले फोटो तुम्ही पाहिले असतील. वाघ मरून पडलेला, साहेब किंवा संस्थानिक त्याच्याजवळ बंदूक घेऊन उभा. जिवंत जनावर कॅमेऱ्यापुढे थांबत नसे, म्हणून आधी मारायचं आणि मग फोटो काढायचा.

ही रीत मोडणाऱ्यांत एक नाव महत्त्वाचं आहे, एफ. डब्ल्यू. चँपियन. तो उत्तरेकडे, तेव्हाच्या संयुक्त प्रांतात वनअधिकारी होता. वाघ मारण्यापेक्षा त्याचा फोटो काढणं अवघड आणि जास्त मोलाचं, असं त्याचं मत. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर तो कॅमेरा बसवी आणि वाटेत बारीक तार ताणून ठेवी. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमची पूड भक्कन पेटे आणि फोटो निघे. माणूस तिथे नसेच. १९२७ साली त्याचं अशा फोटोंचं पुस्तक निघालं. त्याच्या फोटोंवरून एक गोष्ट सिद्ध झाली, की एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. जनावराला अंगावरून ओळखता येतं. नरभक्षकांचा शिकारी म्हणून नाव असलेला जिम कॉर्बेटही चँपियनचे फोटो पाहूनच कॅमेऱ्याकडे वळला.

ती तार गेली, आता अंगाची ऊब आणि हालचाल ओळखणारे कॅमेरे आले. झाडाला किंवा खुंटाला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण बिबट्याच्या उजव्या कुशीवरचे ठिपके डाव्या कुशीसारखे नसतात. दोन्ही बाजू मिळाल्या की तो कायमचा ओळखू येतो, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा.

आता आपल्या घरची गोष्ट. आपला पूर्वेचा भाग बाजरी-मटकीचा. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी जसं पोचलं तसा ऊस वाढला. बिबट्याला दाट सावली, पाणी आणि वस्तीवरची कुत्री एका जागी मिळाली. माद्या उसातच विऊ लागल्या. मग फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर भागात पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि लांबच्या जंगलात सोडायचे असं सुरू झालं. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवर नेऊन सोडले. वाटलं, पीडा टळली. पण १९९३ पासून वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत होते, ते २००१ ते २००३ मध्ये वर्षाला १७ वर गेले. सोडलेल्या जागांच्या आसपास हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, हे उशिरा कळलं. त्या वर्षांतली नावं मी इथे घेणार नाही. ज्या घरांत ते घडलं, ती घरं आजही आपल्यातच आहेत.

हा सगळा हिशेब डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी मांडला. पुढे त्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात, जंगलात नाही तर शेतात, पाऊलवाटांवर आणि ओढ्याकाठी कॅमेरे बांधले. तो अभ्यास २०१३ साली छापून आला. जिथे चौरस किलोमीटरला ३०० पेक्षा जास्त माणसं राहतात आणि अभयारण्य नाही, तिथे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे निघाले. शिवाय तेवढेच तरस! ज्या वाटेने दिवसा बाया भाजीच्या पाट्या घेऊन जातात, त्याच वाटेने रात्री बिबट्या जातो. त्यांच्या विष्ठेवरून खाणं काय तेही तपासलं. त्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळीगट चालवणाऱ्या बायांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं मोकळं असतं.

आमच्या आणे घाटाच्या पलीकडे टाकळी ढोकेश्वर आहे. तिथल्या विहिरीत २००९ साली एक बिबट्या पडला. वनखात्याने काढला, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो रेल्वे, महामार्ग, खाडी ओलांडत १२० किलोमीटर चालून मुंबईजवळ पोचला, तेही कुणाला इजा न करता. वयस्कर आणि शांत, म्हणून त्याचं नाव 'आजोबा' पडलं. त्यावर सिनेमाही निघाला, पण त्याआधीच, २०११ मध्ये, तो रस्त्यावर गाडीच्या धडकेने मेला होता. वाटेत किती वस्त्यांनी त्याला पाहिलं असेल? जवळपास कुणीच नाही. फोटो नाही म्हणजे बिबट्या नाही, असं नसतं.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा एक ताई शांतपणे म्हणाली, "तुझं खरं असंल. पण पाणी द्यायला रात्री मी जाते, फोटोवाले नाही." तिला उत्तर माझ्यापाशी नव्हतं. शेतीला रात्रीची वीज असते तोवर कुणापाशीच नसेल.

बघा ना, पहाट एकच असते. पुण्याहून लोक कॅमेरे घेऊन सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहायला येतात, भीमाशंकरला शेकरू पाहायला जातात. सूर्य उगवताना प्रकाश कोवळा असतो, जनावरं चरायला बाहेर असतात, फोटो छान येतात. त्यांना वाईट म्हणायचं कारण नाही. मीसुद्धा मयूरेश्वरला गेले आहे, पिवळ्या गवतात उभा असलेला चिंकारा पाहून माझेही हात थरथरले, फोटो हललेलाच आला. पण तीच वेळ आपली धारेची, डेअरीला जायची, आणि ज्यांच्याकडे अजून संडास नाही त्यांची आडोशाला जायची.

म्हणून कॅमेऱ्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच्यापुढून बिबट्या गेला काय आणि बाई गेली काय, तो दोघांचाही फोटो काढतो. कॉर्बेटच्या नावाने जे राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्याभोवतीच्या गावांतल्या २७० लोकांशी बोलून एक अभ्यास झाला, तो २०२४ साली छापून आला. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात आडोशाला बसलेल्या बाईचा फोटो आला आणि तो मोबाईलवर फिरवला गेला. गावकऱ्यांनी चिडून कॅमेरे फोडले. तिथल्या बाया सरपणाला जाताना मोठ्याने गाणी म्हणत, जनावर लांब राहावं म्हणून. कोणीतरी पाहतंय, ऐकतंय या भीतीने त्यांचं गाणं बंद पडलं, आणि जनावराचा धोका वाढला.

आपल्या शिवारात कुणी कॅमेरा लावायला आलं तर लावू द्यावा, असंच माझं मत आहे. त्यानेच आपल्याला खरं काय ते कळलं. पण कुठे लावताय, बायांच्या वाटेवर आहे का, आमचा फोटो आला तर तो कोण पुसणार, हे ग्रामसभेत विचारायचं. आणि विहिरीत बिबट्या पडला की काठावर मोबाईल धरून गर्दी करणाऱ्या आपल्या पोरांना घरी बोलवायचं. घाबरलेलं जनावर पळायला वाट शोधतं आणि वाटेत कोण उभं आहे ते बघत नाही.

संगमनेरहून आलेला तो फोटो आम्ही सगळ्यांनी मोबाईलमधून पुसला. ज्या गटावर आला होता तिथे एकीने लिहिलं, 'हा बेल्ह्याचा नाही'. मग राहिलेली वसुली केली.

मी अजून सव्वापाचला दुधाचं कॅन घेऊन निघते. दोघी-तिघींची वाट बघते, एकटी जात नाही. हातात बॅटरी असते, आणि मोबाईलवर भजन लावलेलं, चांगलं मोठ्याने. शेजारचे म्हणतात, झोपू देत नाही ही बाई.