गिरणगावातील उधारी व किरकोळ व्यापार

नव्या विक्रीकेंद्राचा एखाद्या वस्तीच्या अर्थव्यवहारावर कोणता परिणाम झाला, हे ठरविताना अभ्यासक बहुधा दोनच गोष्टी मोजतात : विक्रीची रक्कम व निर्माण झालेल्या नोकऱ्या. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहता ही मापे अपुरी वाटतात. तेथे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे दुकानदाराचे ग्राहकाकडे असलेले येणे.

कावसजी दावर यांच्या गिरणीत १८५६ साली उत्पादन सुरू झाले. त्यानंतर परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी या भागांत गिरण्या व चाळी यांची दाट वस्ती होत गेली. गिरणीतील वेतन सामान्यतः महिन्याचे असे. आणि तेही महिना संपताच हाती पडत नसे, पुढील महिन्याच्या दहा-पंधरा तारखेपर्यंत ते थकलेले असे. साहजिकच कोकणातून वा घाटावरून नव्याने आलेल्या माणसास पहिला पगार दिसेपर्यंत सुमारे सहा आठवडे लोटत. हा काळ तो वाण्याच्या व खाणावळवाल्या बाईच्या भरवशावर काढी. म्हणजे गिरणीमालकास लागणाऱ्या खेळत्या भांडवलाचा काही भाग वस्तुतः हा किरकोळ व्यापारच पुरवीत होता, असे म्हणावयास हरकत नाही. मालकांच्या जमाखर्चात मात्र त्याची नोंद कोठेच नाही.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उधारीची किंमत मालाच्या भावात वसूल होई, आणि ज्याचे खाते थकलेले त्यास दुसऱ्या दुकानात जाण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरे. शिवाय वेतनाचा मोठा हिस्सा मनीऑर्डरने गावी जाई. तो या वस्तीत फिरतच नसे. तथापि जो उरे तो वाणी, खाणावळ, पानपट्टी, शिंपी अशा हातांतून जाऊन बव्हंशी तेथल्या तेथे राही.

या नात्याची खरी कसोटी संपकाळात लागे. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. एवढा काळ कामगार तग धरू शकले त्यास शेजारच्या दुकानदारांची उधारी हे एक कारण होते, याकडे राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले आहे. येथे दुकानदाराच्या औदार्याचा प्रश्न नव्हता. उधारी थांबवावी तर ऋणको गावी निघून जाणार व मागील येणे बुडणार. चालू ठेवावी तर येणे वाढत जाणार. अशा पेचात संप लवकर व कामगारांच्या पदरात काही पडून मिटावा, यातच त्याचे हित असे.

१९८२ साली हा हिशेब कोलमडला. १८ जानेवारीस सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले आणि तो अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार गावी परतले. वह्यांतील येणे वह्यांतच राहिले. अनेक खाणावळींची चूल त्याच काळात विझली.

यास्तव, मॉलने वाण्याचे दुकान बुडविले, हे वरचेवर ऐकू येणारे विधान कालक्रमाशी जुळत नाही. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात विक्रीकेंद्र उभे राहू लागले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. पगाराची तारीख त्यापूर्वीच नाहीशी झाली होती. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक अशी तिहेरी वाटणी योजिली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मॉलची भरभराट होण्यास ही जमीन कारण झाली, वाण्याशी केलेली स्पर्धा नव्हे.

मॉलमधील विक्री जुन्या दुकानांच्या कितीतरी पट असेल. चाळींतील मुलामुलींना तेथे नोकऱ्याही मिळाल्या. परंतु तेथील ग्राहक दुरून येतो व तत्काळ पैसे चुकते करून जातो. शेजारच्या चाळीतील पगार उद्या बंद पडला तरी मॉलच्या हिशेबास विशेष बाध येत नाही. वाण्यास तो येत असे, आणि म्हणूनच त्या पगाराची चिंता त्यालाही असे.

दुकानदारांच्या खातेवह्या अभिलेखागारांत क्वचितच पोचतात. लालबाग-परळमधील जुन्या दुकानांचे माळे पुनर्विकासाच्या निमित्ताने रिकामे होत असताना त्या रद्दीवाल्याकडे जाण्याचा संभव अधिक. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणाचे घर त्या बाजूस असेल, तर चौकशीचा आरंभ तेथूनच करता येईल.