ड्रोहेडाच्या सिस्टर

आपण नर्सला सर्रास 'सिस्टर' म्हणतो. हा शब्द आला कुठून, याचा मी ड्रोहेडाला जाईपर्यंत कधी विचार केला नव्हता. डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीकाठचं हे गाव. इथलं मोठं हॉस्पिटल, अवर लेडी ऑफ लूर्ड्स, जोगिणींनी उभं केलंय.

त्यांची प्रमुख मेरी मार्टिन, जन्म १८९२. पहिल्या महायुद्धात तिने माल्टा आणि फ्रान्समध्ये जखमींची शुश्रूषा केली, पुढे नायजेरियात गेली. तिथे बाळंतपणात बायका मरताना दिसत, पण गंमत (?) अशी की, कॅथलिक जोगिणींना बाळंतपण करायला चर्चचीच बंदी होती! ती उठली १९३६ साली. मेरीने १९३७ मध्ये पोर्ट हारकोर्टला, स्वतः आजारी असताना, हॉस्पिटलातच व्रत घेतलं आणि 'मेडिकल मिशनरीज ऑफ मेरी' हा संघ सुरू झाला. मुख्य घर ड्रोहेडाला. ब्रीदवाक्यात प्रेम हा शब्द आहे, आणि तो नुसता भिंतीवर नव्हता. घरदार सोडून आलेल्या मुलींना इथे आई मिळाली, बहिणी मिळाल्या. डॉक्टर, सुईणी होऊन त्या आफ्रिकेत गेल्या. गावानेही त्यांना आपलं मानलं. १९६६ मध्ये मेरीला गावाचं मानाचं नागरिकत्व मिळालं, ते मिळवणारी ती पहिलीच स्त्री. १९७५ मध्ये ती गेली.

इथेच लेख संपवला असता तर बरं वाटलं असतं. पण २००६ चा न्यायमूर्ती हार्डिंग क्लार्क यांचा चौकशी अहवाल आहे. १९७४ ते १९९८ या काळात इथे बाळंतपणाच्या वेळी १८८ बायकांची गर्भाशयं काढली गेली, त्यातल्या १२९ शस्त्रक्रिया एकाच डॉक्टरच्या. बऱ्याच गरजेच्या नव्हत्या. इतकी वर्षं कुणी का बोललं नाही? अनेक सुईणी त्याच हॉस्पिटलात शिकलेल्या, डॉक्टरविषयी आदर, संस्थेवर माया. घरातलं बाहेर सांगायचं नाही, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या मौनात दुष्टावा नसावा, असं मला वाटतं. माझ्या मते तेच जास्त भयंकर आहे.

१९९७ मध्ये हॉस्पिटल सरकारी आरोग्य मंडळाकडे गेलं. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, तोंड उघडलं ते सुईणींनीच.